शंभराच्या वरचा आकडा

धानला मालवाहू विमानतळाच्या इंधन-प्रयोगशाळेत कार्बनचं वय मोजणारं एक यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव कणतोल. प्रयोगशाळेतली माणसं त्याला आत्याबाई म्हणत, कारण ते कोणाचंही वय चारचौघांत सांगून टाकायचं आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसायचा. गेली अकरा वर्षं डॉ. कुमुद दिघोरे हे यंत्र सांभाळत होती. विमानात भरायच्या प्रत्येक टाकीतलं चमचाभर तेल तिच्याकडे यायचं, यंत्र आकडा सांगायचं आणि कुमुद खाली सही करायची. आकडा पंच्याण्णवच्या खाली आला तर विमान उडायचं नाही. कायदाच तसा होता.

त्या गुरुवारी सकाळी मात्र तिच्या टेबलावर तेलाऐवजी काळ्या गाळाची बरणी होती, आणि बरणीपलीकडे डॉ. निनाद रेगे उभा होता. रेगे हवाचौकीचा प्रमुख. विमानतळाभोवतीच्या हवेत कार्बन किती वाढला आणि तो आला कुठून, एवढंच मोजायचं काम हवाचौकीचं.

"खैरबोडीच्या तलावातला आहे," रेगे म्हणाला. "सोमवारी फोडायचाय ना. फाईलला गाळाचा दाखला लागतो म्हणे. तेवढा एकच कागद राहिलाय."

"ठेव," कुमुद म्हणाली.

खैरबोडी हे कुमुदचं गाव. विमानतळाच्या कुंपणाला लागून. तिथला तलाव सव्वातीनशे वर्षांपूर्वी बांधलेला, आणि त्याच्यावर बेचाळीस ढिवर कुटुंबं जगत होती. मासा, शिंगाडा, कमळकंद, जे मिळेल ते. तिचे वडील काशिनाथ दिघोरे तिथल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष होते. आणि हवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं तलाव फोडायचा आदेश ज्या अहवालावरून काढला, त्यावर रेगेच्या सहीखाली कुमुदची सही होती.

आता तुम्ही म्हणाल, काय ही मुलगी! तिलाही तसं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी सही केली त्या दिवसापासून तिला काहीच वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायची, दिवा घालवला की झोपायची. वडिलांनी फोन करणं बंद केलं, तेही आठवड्यानंतर तिच्या लक्षात आलं.

रेगे खुर्ची ओढून बसला. "सोमवारी गावकरी जमतील. कलेक्टर म्हणालेत, त्यांना साध्या मराठीत समजावून सांगा. मला काही जमायचं नाही. तू सांग, मी गावकरी होतो."

"विचार."

"मॅडम, जिवंत कार्बन, मृत कार्बन ही काय भानगड आहे?"

कुमुदनं पाढे म्हणावेत तसं सांगितलं. "आकाशातून येणारे किरण हवेत थोडा किरणोत्सारी कार्बन तयार करतात. झाडं हवा खातात, म्हणून तो झाडात येतो. झाड खाणाऱ्याच्या अंगातही येतो. जीव आहे तोवर येत राहतो. जीव गेला की येणं बंद, आणि आत असेल तो झिजत जातो. पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मा. खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव. त्यात काही उरलेलं नाही. त्याचा आकडा शून्य. तो मृत कार्बन. यंदाच्या धानाच्या तणसापासून, म्हणजे पेंढ्यापासून, काढलेलं तेल म्हणजे जिवंत कार्बन. त्याचा आकडा आजच्या हवेइतका, सत्त्याण्णव."

"शंभर का नाही?"

"शंभर हे फार पूर्वी ठरवलेलं माप आहे. त्यानंतर हवेत मृत धूर इतका मिसळला की हवाच सत्त्याण्णववर आली."

"बरं. मग विमानं सोडून आमच्या तलावाच्या मागे काहून लागले जी?" रेगेनं गावकऱ्याचा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो दादरचा, त्याला ते काही साधलं नाही.

"तणसानं हवेतून जेवढा कार्बन घेतला तेवढाच विमान परत देतं. घेतलं तेवढं दिलं. म्हणून विमानाचा धूर माफ आहे. तरी धानल्याच्या हवेत दोन वर्षं कार्बन वाढतोच आहे. तो मृत निघाला असता तर कोणीतरी चोरून खनिज तेल जाळतंय असं म्हटलं असतं. तो निघतोय जिवंत. म्हणजे काहीतरी कुजतंय. एवढं कुजण्यासारखं इथे एकच आहे."

"तलाव," रेगे आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला.

कुमुदनं बरणीतला वरचा दोन बोटं थर काढला, वाळवला, जाळला आणि आत्याबाईच्या तोंडी दिला. दुपारी आकडा आला. शंभर पूर्णांक शून्य.

"झालं," रेगे उठला. "जिवंत आहे. कर सही."

कुमुदनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "हवा सत्त्याण्णव आहे. या थरातली पानं गेल्या दोन वर्षांतली. हवा खाऊनच वाढलेली. मग शंभर कसा?"

"तीनचा फरक. असेल यंत्राचं काहीतरी."

तिनं दुसरा नमुना लावला. शंभर पूर्णांक शून्य. तिसरा लावला. तोच आकडा. अहो, एकाच पोत्यातला तांदूळ तीनदा मोजला तरी दाण्या-दोन दाण्यांचा फरक पडतो. कुमुद पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिला अकरा वर्षांपूर्वीचं आठवलं.

तेव्हा विमानतळ नवा होता. जुन्या गंजीतलं तणस आलं की आकडा कधीमधी शंभर पूर्णांक चार, शंभर पूर्णांक सहा असा यायचा. त्यात वावगं काही नव्हतं, ते तणस वाढलं तेव्हाची हवाच शंभराच्या किंचित वर होती. पण निर्यातीच्या फॉर्मातला रकाना शंभरच्या वर आकडा घ्यायचा नाही. फॉर्म परत यायचा आणि खिडकीवरचा कारकून ऐकवायचा, "मॅडम, शंभर टक्क्यांच्या वर काही असते का कुठे? परीक्षेत कोनाले एकशे चार मार्क पडले पाहिले का तुम्ही?" टक्के नाहीत हो ते, असं सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. सातव्यांदा फॉर्म परत आला तेव्हा तिनं वैतागून यंत्राला एक सूचना देऊन टाकली. शंभरच्या वर काहीही आलं तरी शंभर लिही. कारकून खूष झाला आणि ती विसरून गेली.

तिनं ती सूचना काढली. गाळाचा आकडा दिसला. एकशे चार.

"आजच्या हवेत वाढलेलं काहीच एकशे चार असू शकत नाही," रेगे हळूच म्हणाला.

"काल भरलेल्या तेलाचा नमुना आहे कपाटात."

तेलाचा आकडा आला दोनशे चाळीस.

रेगेनं आकडा पुन्हा वाचला. "जिवंतापेक्षा अडीचपट जिवंत? कुमुद, ही काय चेष्टा आहे?"

चेष्टा नव्हती. कुमुदनं ते तेल तापवून त्याचे आठ भाग केले. आधी उकळणारा भाग वेगळा, नंतर उकळणारा वेगळा. तणसाचं खरं तेल असतं तर आठही भागांत आकडा सारखाच आला असता, कारण जिवंत कार्बन तणसात सगळीकडे मुरलेला असतो. इथे सात भाग शून्य निघाले. सगळंच्या सगळं आठव्यात साठलेलं होतं. म्हणजे तेल खनिज, निव्वळ मृत, आणि त्यात कोणीतरी वरून खुणेचा कार्बन टाकलेला. प्रयोगशाळेत बनवलेला तीव्र किरणोत्सारी कार्बन, औषधांच्या संशोधनात वापरतात तो, अगदी थेंबभर.

धानला तणसतेल कारखान्याचा मुख्य रसायनज्ञ चेतन बोरकुटे. कुमुदनं त्याला फोन लावला आणि फक्त दोन आकडे सांगितले. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"मॅडम, दोन वर्षांमागे पाऊस दगा देऊन गेला, आठवते न? तणस जनावरांनाच पुरलं नाही. इकडे रोज सव्वाशे विमानं. लसी, रक्त, काय काय जाते तुम्हालाही माहीत आहे. थांबवू कसं? म्हटलं, एवढं एक साल ढकलू. मग ते ढकलतच गेलं."

"पण दोनशे चाळीस? पंच्याण्णव पुरे होते तुला."

"तुमचं यंत्र शंभरच दाखवायचं न! कमी टाकलं, शंभर. जास्त टाकलं, शंभर. मले वाटलं, शंभर म्हणजे काठावर आहे. कमी पडाले नको म्हणून थोडं चढतंच टाकत गेलो, बापा. पाहुण्याच्या ताटात वाढते तसं."

कुमुदनं फोन ठेवला. तिची ती एक सूचना नसती तर पहिल्याच आठवड्यात चोरी उघडी पडली असती. हे तिला समजलं, पूर्णपणे समजलं, आणि तरी आत काही हललं नाही. तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

बाकीचं रेगेनं फळ्यावर मांडलं. विमानांचा धूर मृत, पण खुणेच्या कार्बनमुळे मोजताना जिवंत दिसणारा. हवाचौकीला वाटलं काहीतरी कुजतंय. कुजत काहीच नव्हतं. उलट तलावातली कमळं, शेवाळ, शिंगाड्याचे वेल तोच धूर खात होते, मरून तळाशी बसत होते, आणि पाण्याखाली कुजत नव्हते. म्हणून गाळ एकशे चार. तलाव धूर सोडत नव्हता, पुरत होता.

"आयोग ऐकणार नाही," रेगे म्हणाला. "म्हणतील, तुमच्याच प्रयोगशाळेत खुणेचा कार्बन गाळावर सांडला. दुसरं काहीतरी हवं, जे सांडून होत नाही. जे महिनोन्महिने वाढलंय."

कुमुदनं विचार केला आणि ती म्हणाली, "नखं."

शनिवारी दुपारी ती खैरबोडीला गेली. काशिनाथ बांधावर जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सोमवारच्या आधीच आलीस. पाहाले आलीस का?"

"तुमची नखं पाहिजेत, बाबा."

"काय?"

"हाताची नखं. कापून नेते."

"शनवारी नखं कापतेत का वं? तुझी माय असती तं कातर हिसकून घेतली असती तिनं." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कायले पाहिजे?"

तिनं सगळं सांगितलं. तेल, खूण, रकाना, आपली सूचना, काहीही न लपवता. काशिनाथ सत्तरीतले, चौथी शिकलेले, पण आयुष्यभर पाणी वाचलेला माणूस. ते एकदाच मध्ये बोलले.

"म्हंजे तलावानं काही केलंच नाही."

"नाही. तो धूर गिळत होता. तुम्ही त्यातला मासा रोज खाता, म्हणून तुमच्या अंगात ती खूण असणार. असली तर तलाव वाचेल."

"आन तू सही केली होतीस."

"हो."

त्यांनी जाळं बाजूला ठेवून उजवा हात पुढे केला. तिनं दोन्ही हातांची दहाही नखं कापून घेतली. जाताना त्यांनी तिला पानात बांधलेली एक मरळ दिली. खायला दिली की तपासायला, ते तिनं विचारलं नाही.

नखं एकशे तीन निघाली. मरळ एकशे चार. रविवारी अहवाल आयोगाकडे गेला आणि सोमवारी सकाळी, तलाव फोडायची यंत्रं बांधावर येऊन उभी राहिल्यावर, कलेक्टरांना फोन आला. यंत्रं परत गेली. गावात गुलाल उडाला, कोणीतरी कुमुदच्या कपाळालाही लावला. तिनं लावून घेतला. बोरकुटेला अटक झाली, विमानं एकोणीस दिवस जमिनीवर बसली आणि मग खऱ्या तणसतेलावर, पूर्वीच्या निम्म्यानं, उडायला लागली. कुमुदला चौकशी संपेपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवलं. ती वडिलांकडे राहायला गेली.

महिन्याभरानं आयोगाचा लेखी आदेश आला. आदेशात तीन कलमं होती. पहिलं, तलाव फोडण्यास स्थगिती. दुसरं, तलावातून जिवंत कार्बन सुटत असल्याचं हवाचौकीला आढळल्यास स्थगिती आपोआप उठेल. आणि तिसरं, तलावातलं अन्न माणसाच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन नेतं, हे डॉ. दिघोरे यांच्याच पुराव्यावरून सिद्ध झालेलं असल्यामुळे, गाळाचा आकडा शंभर किंवा खाली येईपर्यंत तिथला मासा, शिंगाडा, कंद विकू नये.

"अपाय होत नाही त्यानं," कुमुद आदेश वाचून म्हणाली. "मी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. सगळ्यांच्याच अंगात असतो तो. तुमच्यात शंभरातले सहा जास्त, बस्स."

"मंग त्यायनं वाचलं नाही का?"

"तळटीप होती."

काशिनाथ हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते हसले. "बरं, मले सांग, शंभरावर याले किती दिवस लागतीन?"

कुमुदनं कागदावर आकडेमोड केली. पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मं होतं, तर एकशे चारचे शंभर व्हायला किती. पाण्याखाली पुरलेल्या गाळात नवी हवा मिसळत नाही, त्याला फक्त झिजायचंच असतं. "तीनशे चोवीस वर्षं."

"तलाव बांधून तेवढेच झाले असतीन," काशिनाथ म्हणाले. मग बराच वेळ ते विडी ओढत बसले आणि म्हणाले, "गाळच नसला तं?"

सभेत बेचाळीसही कुटुंबांचे हात वर आले. गाळ काढायचा म्हणजे तलाव एकदा रिकामा करायला हवा. केवढी मोठी गोष्ट आहे? उन्हाळ्यात सोडायचं पाणी, पावसाच्या आत गाळ उचलायचा, पावसात पुन्हा भरायचा. मासा दोन साल मागे जाईल, जाऊ दे. एप्रिल सरता सरता काशिनाथांनी स्वतः पाण्यात उतरून तलावाच्या मोरीचा लाकडी दट्ट्या काढला. गावाकडे तिला तुडुम म्हणतात. पाणी आठ दिवस वाहत होतं.

मग तळ उघडा पडला. सव्वातीनशे वर्षांचा गाळ, कंबरभर. माणसं पहाटेपासून टोपल्या वाहत होती, कुमुदही होती. तिला अंगमेहनतीनं बरं वाटत होतं, म्हणजे निदान हात दुखतायत एवढं तरी कळत होतं. तिसऱ्या दिवशी उन्हानं गाळ तापला आणि कुजका वास सुटला. कुमुद टोपली घेऊन जागच्या जागी थांबली. हे तिला सभेतच सुचायला हवं होतं. सगळ्या महाराष्ट्रात ज्या एका बाईला सुचायला हवं होतं, ती तीच होती. पण सोडलेलं पाणी आता पावसाशिवाय परत येणार नव्हतं.

बाराव्या दिवशी रेगेचा फोन आला. "कुमुद, हवाचौकीचा आकडा आलाय."

"किती?"

त्यानं सांगितला. जिवंत कार्बन, आधीच्या वाढीच्या चौपट.

"तेल तपासलंस?"

"आठ भाग करून. प्रत्येक टाकीचं. तेल स्वच्छ आहे. मला तो आठवडाभर तरी दाबून ठेवायचा होता गं. पण आकडे आता थेट आयोगाकडे जातात. आपल्यामुळेच केलाय ना तो नियम."

"तू बरोबर केलंस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काशिनाथ गाळातून वाट काढत तिच्याजवळ आले. "कोनाचा फोन?"

"रेगेंचा. हवेत कार्बन वाढलाय. जिवंत."

"पुन्हा तेच? सांग न त्याले, तेलात मिसळलं असन कोनी."

"तेल चांगलं आहे, बाबा. आकडा बरोबर आहे. हा गाळच आहे. पाण्याखाली होता तोवर कुजत नव्हता. आता हवा लागली. स्थगिती उठली. पाणी भरू देणार नाहीत आता."

काशिनाथांनी चहूकडे पाहिलं. बांधावर गाळाचे ढीग, तळात वाकलेल्या बायका, मधल्या डबक्यात उरलेल्या माशांची वळवळ.

"मंग या वेळी चूक कोनाची?"

"कोणाचीच नाही. या वेळी सगळं बरोबर आहे."

त्यांनी तिच्या हातातली टोपली काढून घेतली, खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावरून गाळानं भरलेला हात फिरवला, ती लहान असताना फिरवायचे तसा. तेव्हा कुमुदला रडू कोसळलं. ती चिखलातच बसली आणि मोठ्यानं, कोण बघतंय याची पर्वा न करता रडली. काशिनाथ थोडा वेळ तिच्याजवळ थांबले, मग बाकीच्यांना काम थांबवा म्हणून सांगायला बांधाकडे गेले.